भाचीच्या कानाचा आकडा

मनुष्याची ओळख कोणाला चेहऱ्यावरून पटते, कोणाला चालीवरून. कानमावशींना ती कानावरून पटत असे. तळ्याकाठच्या नौकानयन केंद्रात, तळमजल्यावरच्या लहानशा प्रयोगशाळेत, बावीस वर्षे त्यांनी एकच कर्म निष्ठेने केले होते. वल्ही ओढून घामाघूम झालेली मुलगी समोर येऊन बसली, की तिच्या कानाच्या पाळीला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, ती पट्टी यंत्रात सरकवायची आणि यंत्र जो आकडा दाखवील तो खणखणीत आवाजात वाचायचा. रस्त्यात भेटलेल्या जुन्या खेळाडूचे नाव त्यांना काही केल्या आठवत नसे, पण ती निरोप घेऊन वळली, की त्या हाक मारीत, "अगं, डाव्या पाळीवर तीळ असलेली ती तूच ना?"

तो आकडा कशाचा, हे त्या नवागताला पहिल्याच दिवशी समजावून सांगत. स्नायू हा मोठा सज्जन कामकरी आहे. श्वासातून प्राणवायू पुरेसा पोहोचत असेल, तर तो साखर शेवटपर्यंत जाळतो आणि तक्रार करीत नाही. काम अंगावर एकदम कोसळले आणि प्राणवायू वेळेवर पोहोचला नाही, तरीही तो हातावर हात ठेवून बसत नाही. प्राणवायूवाचूनच साखर अर्धीमुर्धी फोडतो आणि वेळ निभावून नेतो. पुस्तके यालाच विनॉक्सिश्वसन म्हणतात. या धांदलीत जे लॅक्टेट तयार होते, ते रक्तात उतरते, आणि यंत्र तेच मोजते. ठरलेल्या गतीने दहा मिनिटे वल्ही ओढल्यावर आकडा चारच्या आत राहिला, तर ती गती त्या शरीराला मानवली असे समजायचे. चारच्या वर गेला, तर मुलगी आज कितीही हसत असो, ही गती तिला लांबवर पेलणार नाही.

सुईचे दुःख हलके व्हावे म्हणून मावशींनी एक शिरस्ता पाडला होता. कानागणिक एक प्राणी. गोठलेल्या तळ्याच्या तळाशी प्राणवायूवाचून दिवस काढणारा आणि त्या नादात स्वतःच्या अंगात मद्य गाळणारा सोनमासा मुलींचा विशेष लाडका होता. मुली विचारीत, मग तो वसंतापर्यंत झिंगतो का. आणि मावशी गंभीरपणे सांगत, नाही, तो सभ्य आहे, सगळे कल्ल्यावाटे पाण्यात सोडून देतो.

मात्र या गोष्टी नुसत्या करमणुकीच्या नव्हत्या. गोष्टीच्या तालावर मावशींचे हात चालत. "एक होती मगर," असे म्हणताना ओल्या कापसाच्या ताज्या बोळ्याने पाळी पुसली जाई. मगरीने भक्ष्य पाण्यात ओढले, की दुसऱ्या, कोरड्या बोळ्याने पाळी टिपली जाई. मगर गिरक्या घेऊ लागली, की सुई. तिचा दम तुटला, की पहिला थेंब पुसून टाकायचा. आणि ती काठावर निपचित, तासन्‌तास न हलता पडली, की दुसरा थेंब पट्टीवर. पाळीवर घामाचा लवलेश राहता कामा नये, हे या साऱ्या उपचाराचे मर्म होते. कारण तेच लॅक्टेट घामात रक्ताहून कितीतरी अधिक असते, आणि त्याचा अंशमात्र थेंबात मिसळला तरी आकडा आभाळाला जाऊन भिडतो. बावीस वर्षांत मावशींचा आकडा कोणी दुसऱ्यांदा तपासून मागितला नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना, त्या कबूल करीत नसल्या तरी, पुष्कळ अभिमान होता.

केंद्रातील साऱ्या मुली त्यांना मावशी म्हणत. पण एकीच्या त्या खरोखरच मावशी होत्या. थोरल्या बहिणीची ही मुलगी पाळण्यात असल्यापासून एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. आता ती एकोणीस वर्षांची झाली होती आणि चार वल्हेकरणींच्या नौकेत तिसऱ्या जागेसाठी दोन वर्षे राबत होती. पुढल्या महिन्यात संघ स्पर्धेला जायचा होता. वेगाच्या कसोटीत ती चौघींत आली होती. आता कानाचा आकडा तेवढा उरला होता. तो चारच्या आत आला तर तिसरी जागा तिची. न आला तर ती काठावर, आणि राखीव मुलगी नौकेत. सोमवारी सकाळी नावे फळ्यावर लागायची होती.

शनिवारी परीक्षा झाली. प्रशिक्षक महाशयांचा आवाज तळ्याच्या पैलतीरी जाऊन परत येई, म्हणून मुलींनी त्यांना भोंगा ही पदवी बहाल केली होती. ते घड्याळ घेऊन उभे होते. भिंगरीने दहा मिनिटे ठरल्या गतीने, जमिनीवर बसून वल्ही ओढायचे रोइंग मशीन ओढले आणि ती मावशींपुढच्या स्टुलावर येऊन बसली. चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि तोंडाचा पट्टा चालू होता. आईने विचारलंय, उद्या तुम्ही दोघं जेवायला येणार का, आणि काकांना सांग की त्यांची छत्री आमच्याकडे राहिली आहे, आणि हळू टोच, मागच्या वेळी केस अडकले होते. मावशी हसल्या. मगर, मासा, हे सारे या पोरीने मांडीवर बसून पन्नासदा ऐकलेले. तिला काय सांगायचे, असे म्हणून त्यांनी त्या दिवशी गोष्ट सांगितलीच नाही. सुई टोचली, थेंब घेतला, पट्टी यंत्रात घातली.

यंत्राने सहा पूर्णांक आठ दाखवला.

मावशींनी तो आकडा नेहमीच्याच आवाजात वाचला. भिंगरीचे बोलणे एकदम थांबले. भोंगासाहेबांचा आवाज त्या दिवशी प्रथमच खोलीच्या भिंतीपर्यंतही गेला नाही. त्यांनी हलकेच विचारले, पुन्हा बघायचं का? आणि इथे मावशींचा स्वाभिमान आडवा आला. दुसरी कोणी असती तर तुम्ही पुन्हा विचारलं असतं का, असे त्यांनी उलट विचारले. भिंगरीने टॉवेल उचलला आणि ती मावशींकडे न पाहता निघून गेली.

संध्याकाळी थोरल्या बहिणीचा फोन आला. ताईंचे बोलणे मुळातच तिखट, त्यात आज लेकीचे रडणे ऐकलेले. दोन वर्षे पोर पहाटे चारला उठते, ती काय हे ऐकायला, इथपासून सुरुवात झाली. यंत्र कोणाचे नातेवाईक नसते, असे मावशींनी शांतपणे सांगून पाहिले. त्यावर ताई म्हणाल्या, "यंत्राचं जाऊ दे. घरचीच सुई होती ना, म्हणून जरा जास्त खोल गेली." आणि फोन ठेवला. रविवारच्या जेवणाचे आमंत्रण अर्थातच त्या फोनबरोबरच संपुष्टात आले.

रविवारी सकाळी मावशी स्वयंपाकघरात डाळ निवडीत बसल्या होत्या आणि निवडलेले खडे पुन्हा डाळीत टाकीत होत्या. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रिते तपासून निवृत्त झालेले गृहस्थ; चुका शोधण्यात जन्म गेलेला. ते वर्तमानपत्राआडून बराच वेळ हे पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, की नक्की काय टोचते आहे.

मावशींनी सांगितले, आकडा टोचतो आहे. सहा पूर्णांक आठ आकड्याची मुलगी स्टुलावर बसून छत्रीचा निरोप देत नाही. तिला धाप लागलेली असते, ती एकेक शब्द तोडून बोलते. भिंगरीने तीन वाक्ये एका श्वासात म्हटली होती. नाडीसुद्धा नेहमीपेक्षा जास्त नव्हती. वहीत तसे लिहिले आहे. नाडी एक सांगते, जीभ तेच सांगते, आणि रक्त मात्र भलतेच. हे जुळत नाही.

"मग रक्त चुकलं असेल," यजमान म्हणाले.

"रक्त चुकत नसतं."

"म्हणजे मग ते घेणारी." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "रागावू नकोस. माझ्या धंद्यातलं सांगतो. अनोळखी मजकुरात माझी चूक कधी राहिली नाही. अक्षर अन् अक्षर वाचावं लागायचं ना. चूक राहायची ती ओळखीच्या मजकुरात. तो आपण वाचतच नाही, नुसता बघतो."

मावशींना हे बोलणे आवडले नाही, आणि म्हणूनच ते डोक्यातून जाईना. थोड्या वेळाने त्यांनी डाळीचे ताट बाजूला सारले आणि यजमानांना स्टुलावर बसायला फर्मावले. काल केले ते सारे त्यांना हातांनी पुन्हा करून पाहायचे होते.

"तुम्ही भिंगरी. आत्ता मशीनवरून उतरलात. घाम आलाय असं समजा."

"बायकोनं हातात सुई घेतल्यावर समजायला कशाला हवं?"

मावशींनी तिकडे दुर्लक्ष केले. त्यांनी कापसाचा बोळा पाण्यात बुडवला, पिळला, आणि डोळे मिटून हात सोडून दिला. हाताला जिकडे जायची सवय, तिकडे तो जाईल. परंतु हात कानाकडे गेला नाही. तो यजमानांच्या कपाळाकडे गेला. बोळ्याने कपाळ पुसले, मग भुवई, मग गाल. आणि मग तोच बोळा, तसाच, कानाच्या पाळीवरून फिरला.

मावशींनी डोळे उघडले.

आता त्यांना सारे स्वच्छ आठवले. भिंगरीच्या डोळ्यांत घाम उतरत होता. लहानपणी खेळून आली की पुसायच्या, तसेच त्यांनी तिचे कपाळ पुसले होते. एकोणीस वर्षांची सवय. गोष्ट चालू असती, तर "एक होती मगर" म्हणताच हात आपसूक पाळीवर गेला असता. गोष्ट नव्हती, म्हणून हात आपल्या जुन्या वाटेने गेला. कपाळावरचा सारा घाम बोळ्यात, बोळा पाळीवर, कोरड्या बोळ्याचा पत्ता नाही, पहिला थेंब पुसल्याचे आठवत नाही. एखाद्या परक्या मुलीच्या बाबतीत हे झालेच नसते. परक्या मुलीचे कपाळ त्यांनी पुसलेच नसते.

त्या ताबडतोब केंद्रावर गेल्या. भोंगासाहेब रविवारी दुपारी नावे निश्चित करायला येत, हे त्यांना ठाऊक होते. ते टेबलाशी बसून खरोखरच चौथे नाव लिहिण्याच्या बेतात होते. मावशींनी उभ्या उभ्या सारे सांगितले. एकही शब्द गाळला नाही.

भोंगासाहेबांनी लेखणी खाली ठेवली. मावशींवर त्यांचा अविश्वास नव्हता, पण पेच खरा होता. बावीस वर्षांत एकदाही न चुकलेली बाई नेमकी भाचीचे नाव कटताना चुकते, आणि नावे लागायच्या नेमक्या आदल्या दिवशी तिला ते आठवते. राखीव मुलीच्या आईवडिलांना हे कसे सांगायचे? लोक बोलायला टपलेलेच असतात.

मावशी म्हणाल्या, लोकांचे नंतर पाहू. आधी तुमची खात्री पटू द्या. बसा मशीनवर.

भोंगासाहेब एके काळचे नामांकित वल्हेकरी. परंतु ते 'एके काळचे' होऊन बरीच वर्षे लोटली होती आणि मधल्या काळात त्यांचे पोट त्यांच्या आवाजाइतकेच दूरवर जाऊ लागले होते. तरीही आव्हान टाळणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि चार मिनिटे मशीन असे ओढले, की खिडकीची तावदाने थरथरली. चौथ्या मिनिटाअखेर ज्यांच्या हाकेने पैलतीर जागा होई, त्या पुरुषाला 'पाणी' हा दोन अक्षरी शब्द दोन हप्त्यांत उच्चारावा लागला.

मावशींनी त्यांचा उजवा कान विधिपूर्वक घेतला: ओला बोळा, कोरडा बोळा, सुई, पहिला थेंब पुसून दुसरा पट्टीवर. आकडा आला नऊ पूर्णांक एक. मग वापरलेल्या बोळ्याने त्यांचे कपाळ पुसून तोच बोळा डाव्या कानावर फिरवला आणि लगेच टोचले. आकडा आला तेरा पूर्णांक आठ.

एकच मनुष्य, एकच दम, दोन कान, आणि मध्ये जवळजवळ पाचाचे अंतर. भोंगासाहेबांनी दोन्ही आकडे दोनदा वाचले. बोलण्याइतका श्वास परत आल्यावर ते म्हणाले, की उद्या सकाळी सातला भिंगरीची पुन्हा परीक्षा घेऊ, आणि नावे त्यानंतरच लावू. आणि कारण काय सांगायचे, याची मावशींनी काळजी करू नये. यंत्र बिघडले होते, असे सांगून मोकळे होऊ. यंत्राला कोण विचारायला जातो?

सोय उत्तम होती. भाचीची जागा वाचत होती, आपले बावीस वर्षांचे नाव वाचत होते, कोणाचे काही जात नव्हते. मावशींनी टेबलावरच्या त्या लहानशा यंत्राकडे पाहिले.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यानं बरोबर तेच सांगितलं होतं, जे मी त्याला दिलं. बिघडले ते माझे हात. मी सांगेन मुलींना."

सोमवारी सातला पाचही मुली प्रयोगशाळेत उभ्या होत्या. चौघी नौकेच्या आणि एक राखीव. रात्री बहुधा कोणालाच धड झोप लागली नव्हती. भिंगरी दाराशी, सर्वांत मागे, हाताची घडी घालून. मावशींनी प्रस्तावना केली नाही. शनिवारी माझ्या हातून चूक झाली, कपाळ पुसलेल्या बोळ्यानेच मी हिचा कान पुसला, तो आकडा हिच्या रक्ताचा नव्हता, असे त्यांनी तीन वाक्यांत सांगितले. मग राखीव मुलीकडे वळून म्हणाल्या, की आज जे होईल त्याचा परिणाम तुझ्यावर आहे, म्हणून तू यंत्राजवळ उभी राहा आणि आकडा तूच वाच.

बावीस वर्षांच्या विश्वासाला तडा गेला, की आवाज होत नसावा. मग चौघींत सर्वांत उंच, जिला साऱ्या शिडी म्हणत, तिने सगळ्यांच्या मनातले विचारले.

"मावशी, मग माझे तीन पूर्णांक सात खरे का?"

प्रश्न रास्त होता, आणि तो लागलाही. मावशी म्हणाल्या, "शंका आली ना, तर बस पुन्हा. जिला जिला शंका असेल, तिनं बसायचं. मी दिवसभर इथंच आहे."

प्रथम भिंगरी मशीनवर बसली. दहा मिनिटे मशीनच्या साखळीच्या घरघरीखेरीज काही ऐकू येत नव्हते. भोंगासाहेब गती मोजत होते. दहावे मिनिट संपले, भिंगरी स्टुलावर आली, आणि घामाची एक धार तिच्या भुवईवरून निघून थेट डोळ्यात उतरली. मावशींचा हात उचलला गेला. भिंगरीने मान मागे घेतली.

"राहू दे. झोंबलं तर झोंबू दे. आज मी तुझी कोणी नाही."

"कोणी नाहीस, तर गोष्ट ऐकावी लागेल," मावशी म्हणाल्या.

त्यांनी कासव काढले; हे भिंगरीने ऐकलेले नव्हते, कारण मावशींनीच ते नुकते वाचले होते. एक होते कासव, म्हणताना ओला बोळा पाळीवर फिरला. वर तळे गोठले, श्वास घ्यायला वाट उरली नाही, तेव्हा कोरड्या बोळ्याने पाळी टिपली गेली. प्राणवायूवाचून दिवस निघू लागले, तसे त्याच्या अंगात लॅक्टेट साचू लागले, इथे सुई. मग त्या मुक्या जीवाने काय केले, तर पाठीवरचे कवचच थोडे थोडे विरघळवून ते साचलेले आम्ल शांत केले. इथे पहिला थेंब पुसला गेला. आणि बर्फ वितळल्यावर ते वर आले, श्वास घेतला आणि चालू लागले. दुसरा थेंब पट्टीवर पडला.

यंत्राला आकडा दाखवायला काही क्षण लागतात. ते क्षण मावशींनी राखीव मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत काढले. त्या मुलीचे ओठ घट्ट मिटले, मग सुटले.

"तीन पूर्णांक पाच," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. मग तिने स्वतःच टॉवेल उचलून भिंगरीच्या हातात दिला, आणि म्हणाली, "घे, डोळे पूस आता. पण नौकेत नुसती शिंकलीस तरी मी तुझ्या जागेवर बसणार आहे, लक्षात ठेव."

शिडीसुद्धा बसली, आपले समाधान करून घेतल्याशिवाय ती ऐकणारी नव्हती. तिचा आकडा तीन पूर्णांक आठ आला. उरलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि आम्हाला नको म्हणाल्या. पण मावशींनी त्यांनाही बसवले. एक शंका ठेवून दुसरी काढण्यात अर्थ नव्हता. नऊ वाजता भोंगासाहेबांनी फळ्यावर चार नावे लावली. त्यांच्याखाली, मावशींच्या आग्रहावरून, तिसऱ्या जागेचा आकडा प्रयोगशाळेच्या चुकीमुळे पुन्हा घेतला गेला, अशी एक ओळही लिहिली.

घरी फोन भिंगरीने केला की नाही, हे मावशींना कळले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. त्या खोली आवरू लागल्या. वापरलेले बोळे टाकले, टेबल पुसले, यंत्र झाकले. मग, का कोण जाणे, दार ओढून घेऊन त्या पायऱ्या उतरून काठावर गेल्या. बावीस वर्षांत त्यांनी या मुलींना पाण्यावर फारसे पाहिले नव्हते; सराव चाले तेव्हा त्या आत पट्ट्या मांडीत बसलेल्या असत.

नौका धक्क्यापासून सुटली. भोंगासाहेबांनी काठावरून आज्ञा दिली, चार वल्ही एकदम पाण्यात गेली, एकदम वर आली. वल्हेकरणी पाठ पुढे करून बसतात, नौका निघाली की त्यांचे तोंड मागे, काठाकडे असते, हे मावशींना अर्थातच ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे. भिंगरी तिसऱ्या जागेवरून दूर दूर जात होती आणि सारा वेळ त्यांच्याकडेच पाहत होती. दोन्ही हात वल्ह्यावर गुंतलेले, म्हणून ती हात हलवू शकत नव्हती. ओढीगणिक चेहरा जवळ यावा तसा पुढे झुकत होता आणि पुन्हा मागे जात होता. मावशींनी हात वर केला आणि ती वळणाआड होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.